फ्लॅश घेऊ नकोस

प्रिय इलान,

तुझा मेसेज मिळाला. निरीतच्या मेंदीला सॉलोमनकाकांच्याच कॅमेऱ्याने फोटो काढायचे आणि त्यासाठी तिकडून नवा फ्लॅश घेऊन यायचा, हे वाचलं. कोणता घेऊ, असं तू विचारलंस. उत्तर आधी वहीत लिहिलं, मग इथे उतरवतोय.

काकांच्या कॅमेऱ्याला साधा फ्लॅश पुरतो. नव्या फ्लॅशमधली आपोआप उजेड मोजण्याची सोय त्या कॅमेऱ्याला कळतच नाही. फ्लॅशच्या पाठीवर अंतराचा तक्ता असला म्हणजे झालं. शंभरच्या फिल्मवर ज्याचा आकडा वीस, तो पाच मीटरवर चारच्या छिद्राला बरोबर उजेड देतो. वीस भागिले पाच, एवढंच गणित. कॅमेऱ्याला फ्लॅशची वायर लावायची दोन भोकं आहेत, त्यातलं X वापर. M हे जुन्या, एकदाच पेटणाऱ्या बल्बांसाठी होतं. तांबडा दिवा लागल्यावरही दहा सेकंद थांब, नाहीतर दुसरा फोटो फिका येतो.

आणि शटर साठवर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर ठेव. हे मी माहितीपुस्तिकेत दोनदा वाचून लिहितोय. साठवर आतला पडदा पूर्ण उघडतो आणि तेवढ्यात फ्लॅश उडतो. एकशेपंचवीसवर दुसरा पडदा आधीच निघालेला असतो. मग फिल्मची एक बाजू झाकलेली राहते आणि तिथे काळा पट्टा येतो.

इकडे सगळं ठीक. तुझ्या बहिणीचं नेहमीचंच, निरीतने मेंदीसाठी हिरवी साडी आणली आणि लगेच बदलूनही आणली. काकूंचा गुडघा आता बरा आहे, जिना उतरून त्या मार्केटला जातात. आमच्या स्टुडिओत अजून पासपोर्ट फोटोंचीच गर्दी. शेठने स्टुडिओतल्या कॅमेऱ्याच्या शटरच्या चकतीला पांढरी चिकटपट्टी लावली आहे, कुणी हलवू नये म्हणून. दहावीनंतर इथे लागलो तेव्हापासून तो एकशेपंचवीसवर आहे. कुठलाही कॅमेरा हातात आला की माझी बोटं चकती तिथेच नेतात.

तू निघायच्या आधीच्या रविवारी तुमच्याकडे मलिदा होता. पोह्यांचं ताट, फळं, गुलाब, सगळे उभे राहून प्रार्थना म्हणत होते आणि तू काकांचा कॅमेरा माझ्या हातात दिलास. मी नऊ फोटो काढले. नऊच्या नऊ फोटोंत काकू उजेडात आहेत आणि त्यांच्या शेजारी, जिथे तू उभा होतास, तिथे काळं आहे. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी म्हणालो, फ्लॅश जुना झालाय, अर्धाच उजेड टाकतो.  तू म्हणालास, बाबा गेले, आता त्यांचा फ्लॅशही गेला. मी हो म्हणालो.

इलान, फ्लॅश अर्धा उजेड टाकत नाही. मागच्या आठवड्यात तो मी तुळशीरामच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. त्याने मीटर लावला, दोनशे दहा व्होल्ट भरले. म्हणून तो डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नकोस, सर्किट जळेल. काकांच्या कॅमेऱ्याला काही होत नाही. काकांचा कॅमेरा तुझ्याकडे, म्हणून मग स्टुडिओच्या शोकेसमधल्या फिल्म कॅमेऱ्याला लावून, शटर साठवर ठेवून, काकूंचा फोटो काढला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्वच्छ आलाय. सोबत पाठवतोय.

फोटो द्यायला गेलो तेव्हा काकूंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेल्या, मग तेव्हाच का नाय बोललास? सहा महिने मी त्या डब्याला नावं ठेवतेय, ह्यांच्या वस्तूला!" मग चहा टाकला आणि म्हणाल्या, "इलानला मी सांगणार नाय. तू सांग. आणि फोनवर नको, फोनवर तू परत घसरशील." बरोबरच आहे त्यांचं. म्हणून हे पत्र. चकती मी साठवर आणली नव्हती. फ्लॅश चांगला आहे, सेल काढून काकूंच्या कपाटात ठेवला आहे. नवा घेऊ नकोस. मेंदीचे फोटो तू दुसऱ्या कुणाला काढायला दिलेस तरी मी येईन, ताटं वाढायला माणूस लागेलच.

तुझाच,
कुंदन