तुझ्या दाराची कडी

ता. ३
चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.
खुशाली नंतर विचारते. आधी हे सांग, मारहाणीचे कायदे बदलायला बसलेल्या समितीला तू लेखी कळवलंस की त्या संध्याकाळी तू घरी नव्हतास? काल समितीने ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. आमच्या मंडळातल्या बाया म्हणाल्या, भाऊ घरी असता तर धावलाच असता. मी मान हलवली. माझी मान, तुझं खोटं!
नवऱ्याने जिन्यात माझ्यावर कात्री चालवली तेव्हा मी ओरडत होते आणि कड्या लागत होत्या. वरच्या दोन, खालच्या तीन. सहावी तुझी. ती उचलून ढकलावी लागते, दोनदा वाजते. मीच ठोकली होती, वाकडी. तीन वर्षं झाली, शिलाईचं मशीन थांबलं की तीच वाजते.
आता आम्ही जिने चढून दारोदार सांगतो, ओरडा ऐकला तर दार उघडा, दिवा लावा. तुझ्या दारापुढून मात्र मी तशीच पुढे जाते.
डाव्या हाताने लिहिलंय. अक्षराला हसू नकोस.
तुझी ताई

ता. ९
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
मी घरी होतो. आदल्या महिन्यात मी चौकीवर भावोजींची तक्रार केली होती. चौकीवाल्यांनी माझं नाव त्यांनाच सांगितलं. भावोजी दारात येऊन म्हणाले, पुन्हा मध्ये पडलास तर तुझ्या छकुलीला बघून घेईन. तुझा आवाज ऐकला तेव्हा ती माझ्या कडेवर होती. पुढच्या वर्षी ते तुरुंगातून सुटतील. रागाव, पण पत्र टाकत जा.
धाकटा

ता. १२
चि. धाकट्यास आशीर्वाद.
गाढवा, हे तीन वर्षं पोटात ठेवलंस? तक्रार करणाऱ्याचं नाव फोडू नये, असा नियम आम्ही मागतोय. समितीचे साहेब म्हणतात, नाव फुटलेला एक तरी माणूस आणा. अख्खं गाव पालथं घातलं, आणि माणूस माझ्याच जिन्यात!
भिऊ नकोस असं म्हणणार नाही. मी अजून भिंतीला पाठ लावून जिना चढते. माफीचं विचारू नकोस, ती आत्ता येत नाही. पण तो खोटा कागद मागे घे आणि खरं बोल. पडद्याआडून बोलता येतं, नाव बाहेर जात नाही. एवढं आम्ही भांडून मिळवलंय. मी बाहेर बाकावर बसेन. तू आतून कडी लावू नकोस, बस्स.
छकुलीला पापा. सुनावणी वीसला आहे. अठराच्या आत हो की नाही, एका शब्दात कळव.
ताई