शेवाळ आणि श्रोते

तीर्थस्वरूप दाजींना साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा आता जिना चढू देतो की अजून हट्ट धरून बसला आहे, ते अक्काला कळवायला सांगावं. (आपण स्वतः लिहिलंत तर “उत्तम आहे” एवढंच लिहाल.) इकडे माझं बरं, सौ.चं माझ्याहून बरं, आणि माझ्या निवृत्तीला आपण दिलेल्या माशांचं कसं आहे ते सांगायलाच बसलो आहे. मागे फोनवर आपण विचारलंत तेव्हा ही शेजारीच होती, म्हणून “मजेत आहेत” म्हणालो. खरं म्हणजे तेव्हा ते दिसतच नव्हते.

टाकी मी पूर्वेच्या खिडकीत ठेवली होती. सकाळचं कोवळं ऊन पाण्यात उतरायचं, काचेवर हळूहळू पोपटी साय धरायला लागली, आणि मला पाचवीच्या पुस्तकातली सगळी तळी एकदम आठवली. कवितेत शेवाळ आलं की मागोमाग कमळ येतंच. आमच्याकडे मागोमाग वास आला. पुढे पुढे तर एखादा मासा काचेशी आला की धुक्यातून पाहुणा यावा तसा दिसे. एरवी टाकीत कोणी राहतं यावर विश्वासच ठेवावा लागे.

आता कारण. दाजी, आपल्याला म्हणून सांगतो, मी त्यांना कविता म्हणून दाखवतो. शाळेत आमचे मास्तर कडवं न अडखळता म्हटलं की तळहातावर पेपरमिंटची गोळी ठेवत. (त्या गोळ्यांची चव अजून जिभेवर आहे, आणि कविताही.) त्याच शिस्तीने कडवं संपलं की मी पाण्यात चिमूटभर दाणे टाकत आलो. आणि मासे काय तल्लीन होतात म्हणून सांगू! पहिल्या ओळीलाच काचेला नाक लावून हजर. हल्ली घरात इतकं शांतपणे कोण ऐकून घेतं? मुलाला फोन लावला तर त्याची मीटिंग असते, आणि ही दुसऱ्या ओळीला मिक्सर सुरू करते. भुजंगप्रयातातल्या छोट्या कवितांनी फार बिघडलं नसतं, कडवी थोडी होती. घात केला तो खंडकाव्याने.

माशांच्या दुकानदाराने मी नेलेल्या बाटलीतलं पाणी उजेडात धरून विचारलं, “खायला किती घालता?” मी म्हणालो, “बेताचंच.” (वृत्तावर अवलंबून आहे, हे त्याला काय सांगणार?) तो म्हणाला, ऊन तोडा, दिवा कमी वेळ लावा, खाणं कमी करा, पाणी थोडं थोडं बदला. मी खाणं सोडून सगळं केलं. आणि थोडं थोडं करण्याचा स्वभाव नसल्याने पाणी एकदम सगळंच बदललं. मासे कोपऱ्यात रुसून बसले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी एक करुण विलापिका म्हटली, अर्थात दाण्यांसकट. काही दिवसांत हिरवा रंग परत आला, पहिल्यापेक्षा तजेलदार. मग तारेच्या घासणीने काच घासली. शेवाळाबरोबर एका बाजूच्या काचेची झिलईही गेली, आणि स्वयंपाकघरातली घासणी कुठे गेली ते हिला कळलं. शेवटी गोगलगायी आणल्या. त्यांनी शेवाळाकडे ढुंकूनही न बघता मी लावलेल्या पाणवेली संपवल्या आणि स्वतःचा संसार वाढवला.

तेव्हा हिने निकाल दिला. महिनाअखेरच्या रविवारी टाकीमागे वर्तमानपत्र धरायचं. मथळा वाचता आला तर टाकी राहील, नाहीतर तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे जाईल. त्यांनी बाहेरच्या खोलीसाठी मागितलीच आहे. दाजी, माझे श्रोते तिथे सुजलेल्या गालांच्या माणसांसमोर! वर हिने दाण्यांचा डबाही जप्त केला. मी म्हटलं, “अगं, उपाशी मरतील.”

“कविता कळते म्हणता ना त्यांना? मग तीच खाऊ दे की.”

मग ही रोज सकाळी एक चिमूट टाकू लागली. वृत्त नाही, यमक नाही, अवाक्षर नाही. आणि त्या रविवारी मथळाच काय, खालची भाड्याच्या घरांची जाहिरातसुद्धा वाचता आली. टाकी वाचली. पण मासे आता हिच्या चपलांच्या आवाजाकडे कान लावून असतात. परवा मी माझी सर्वांत लाडकी कविता म्हटली. एक मासा आला आणि माझ्या हाताकडे बघून वळून गेला. पाणी इतकं नितळ झालं आहे की त्याची निराशा स्पष्ट दिसली.

असो. अति खाऊ घालणं म्हणजे माया नव्हे, हे मला पुरतं पटलं आहे. यापुढे डब्याला हात लावणार नाही. अक्काला नमस्कार.

आपला सुधारलेला मेव्हणा

ता. क. आपल्या गुडघ्याचं निमित्त करून अक्काने हिला आठवडाभर राहायला बोलावून घ्यावं. ही नाही म्हणायची नाही. डबा कपाटात शालींच्या मागे आहे. मी फक्त लहान कविता म्हणेन.

दुसरा ता. क. दाजी, नमस्कार. हे पाकिटासाठी डिंक शोधत होते, म्हटलं द्या, मीच चिकटवते. वन्संना सांगा, शनिवारी येते. डबा माझ्या पिशवीत घातला आहे. आठवडाभर खाणं नसलं तरी माशांना काही होत नाही, हे दुकानदाराला विचारून घेतलंय. यांनी खुशाल खंडकाव्य म्हणावं. पाणी स्वच्छ आहे. कोण ऐकतंय ते यांचं यांनाच दिसेल.