मोकळी लांबी

प्रिय भिंगरी,

परवा तुझा फोन ठेवल्यावर मी बराच वेळ दाराकडे बघत बसलो. रागावून नव्हे. तू म्हणालीस ते खरंच होतं: जिला स्वतःच्या घराचं दार आतून उघडता येत नाही, तिला एकटी ठेवून बाबा तुम्ही बाहेर जाताच कसे? त्या दिवशी मी औषधं आणायला गेलो होतो, तू न कळवता आलीस, आई आतून हँडलशी झटत राहिली, आणि तुम्हा मायलेकींच्या मधे बोटभर जाडीची फळी. मी पोचलो तेव्हा तू रडून मोकळी झाली होतीस. आई रडली नव्हती. मग तू जादा किल्ली करून घेतलीस आणि परवा फोनवर सांगून टाकलंस, की रविवारी येते आणि आईला माझ्याकडे घेऊन जाते, तुम्ही यायचं तर या. मला उत्तरं लिहिताना सुचतात आणि तीही आडवळणानं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा आधी थोडं दाराबद्दल वाच.

त्या रडण्याच्या दिवशी तू गेल्यावर मी लॅच दारावरून उतरवून उघडला होता. आत फार काही नसतं. एक जीभ, जी चौकटीतल्या खाचेत जाऊन बसते, आणि तिच्या पाठीशी एक दाबाची स्प्रिंग. हँडल खाली केलं की जीभ आत येते, स्प्रिंग दबते. हँडल सोडलं की स्प्रिंग जिभेला पुन्हा बाहेर ढकलते. बस्स, एवढाच संसार. ही स्प्रिंग मीच बसवलेली, चांगल्या जाड तारेची. तू तेव्हा शाळेतून आलीस की दप्तरासकट दारावर आदळायचीस आणि आधीची नाजूक स्प्रिंग तुला पुरी पडत नव्हती. म्हणजे ती स्प्रिंग तुझ्या मापानं निवडलेली होती. तू सासरी गेलीस, ती आपली जागा धरून राहिली. आईचा उजवा हात आणि बोलणं आजारपणात गेलं आणि अर्धंमुर्धं परत आलं, तेव्हा तिच्या वाट्याला तुझी स्प्रिंग आली, एकट्या डाव्या हातालाही न दबणारी.

तुला वाटेल, स्प्रिंगच बदलायची तर त्यात काय एवढं. मलाही तसंच वाटलं. आयुष्यभर शाळेच्या वर्कशॉपचा मास्तर होतो मी. मुलांना शिकवायचो, की आधी जागा मोजा, मग स्प्रिंग. ज्या भोकात ती बसायची त्यापेक्षा किंचित बारीक हवी, कारण दबली की अंगानं जरा फुगते. तार केसभर जाड झाली तरी जोर भलताच वाढतो. वेटोळी जास्त, तर स्प्रिंग नरम. म्हणून नरम करायला स्प्रिंग कापायची नाही, कापली की उरलेली उलट ताठ होते. दोन्ही टोकं घासून सपाट केलेली हवीत, नाहीतर ती सरळ उभी राहत नाही, कंबरेत वाकते. आणि मोकळी लांबी. हा शब्द मी फळ्यावर लिहायचो तेव्हा दर वर्षी मला थोडं थांबावंसं वाटायचं. कुणी दाबत नसताना स्प्रिंग जितकी लांब असते, ती तिची मोकळी लांबी. असा शब्द वर्कशॉपच्या फळ्यावर कसा काय आला, भिंतीपलीकडच्या वर्गात असायला हवा होता, असं वाटायचं.

भिंतीपलीकडे आई शिकवायची. हे तू शंभरदा ऐकलं आहेस, पण म्हाताऱ्याला एकशे एकाव्यांदा सांगू दे. आमची ओळख होण्याआधी मला तिचा फक्त आवाज माहीत होता. ती कविता म्हणायची, मागून सगळा वर्ग म्हणायचा, आणि इकडे माझी पोरं त्याच लयीत कानशी चालवायची. एकदा ती तावातावानं वर्कशॉपच्या दारात येऊन म्हणाली होती, की मास्तर, तुमच्या कानशींनी माझ्या कविता घासून गुळगुळीत व्हायला लागल्यात, जरा हळू घ्या. मी हळू घेतलं, आणि त्यामुळे मला पुढच्या सगळ्या कविता नीट ऐकू आल्या. कुणी ऐकतंय हे ठाऊक नसताना तिचा आवाज जसा असायचा तसा मी ऐकला आहे. तिची मोकळी लांबी मला माहीत आहे, एवढंच म्हणायचं होतं.

तर मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तिथली बाई मला ओळखते. मी दिसलो की विचारते, आजोबा, आज कुणाला दाबायचंय? मी खूप वेटोळ्यांची, बारीक तारेची स्प्रिंग आणली, बोटांत दाबून पाहिली, लोण्यासारखी. गुणगुणत लॅचमधे बसवली, लॅच दारावर चढवला आणि बाहेरून कसं वाटतं ते बघायला दार ओढून घेतलं. ते मग उघडेचना. मुलांना मी जे दर वर्षी बजावायचो तेच विसरलो होतो. सगळी वेटोळी एकमेकांना टेकली की स्प्रिंग संपते, उरतो तो लोखंडाचा ठोकळा. वेटोळी इतकी, की जीभ अर्धी आत येते न येते तोच ती टेकत होती. आतून हँडल तिथेच अडायचं, बाहेरून किल्लीही. मी बाहेर, आई आत, पुन्हा तेच चित्र.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेलो, तिथून दार दिसतं, आणि गजांतून तिला स्क्रू ड्रायव्हरची जागा सांगू लागलो. स्क्रू डावीकडे फिरव म्हणालो, तर म्हणाली, "ठाऊक... आहे." तिनं डाव्या हातानं एकेक स्क्रू काढला. शेवटच्याला हात बदलून उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर धरला. राहू दे, म्हटलं मी. वर्गात मागच्या बाकावरून बोलणाऱ्या मुलाकडे ती जशी बघायची तशी माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा स्क्रूला लागली. वेळ लागला. शेवटी लॅच खाली आपटला, दार उघडलं, आणि पायाशी पडलेल्या लॅचच्या त्या डब्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत ती हसली. आजारपणानंतर पहिल्यांदा. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण चांगलं खळखळून.

दुसऱ्या दिवशी तिनं चपला पुढे ओढल्या. मी येते, म्हणाली. दुकानातल्या बाईनं तिला स्टूल दिलं आणि विचारलं, "आजी, हे घरी तुम्हाला दाबून ठेवतात की काय?" आईनं शब्द शोधला, सापडला, आणि म्हणाली, "उलटं." दुकानातली दोन गिऱ्हाइकंसुद्धा हसली. मग बाईनं आमची जुनी स्प्रिंग तशाच नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली. वर्षानुवर्षं दबून दबून स्प्रिंगची उंची उतरली, की त्या धंद्यात तिला बसली म्हणतात. दोघी सारख्याच उंच दिसल्या. बाई म्हणाली, कमाल आहे, ही अजून बसलेली नाही हो. आई म्हणाली, "मी पण."

मग काउंटरवरच्या वजनकाट्यावर एकेक स्प्रिंग उभी करून आईनं उजव्या अंगठ्यानं दाबली. कुठल्या स्प्रिंगला किती जोर लागतो ते काट्यावर दिसतं. आणि पूर्ण दबल्यावर ती किती उरते ते बाई पट्टीनं बघत होती, माझ्या चुकीचा किस्सा ऐकल्यामुळे जरा जास्तच काळजीनं. एक वाकली. एक इतकी मऊ, की जिभेला बाहेर ढकलायला पुरली नसती. मग दार लागलंय असं नुसतं वाटलं असतं. मी दोनदा मधे बोललो आणि दोन्हीदा दोघींनी मला गप्प केलं. निवड आईनं केली. घरी येईपर्यंत ती स्प्रिंग तिनं मुठीतच ठेवली होती.

आता ती दारात आहे. पूर्वीचा खटकन आवाज गेला, आता नुसतं टक होतं. आई हँडलवर उजवा हात ठेवते, एक कवितेची ओळ म्हणते, आणि ओळीत जिथे आघात येतो तिथे जोर लावते. डॉक्टरीणबाई म्हणतात, पाठ केलेलं आधी परत येतं. कधी पहिल्या खेपेला उघडतं. कधी ओळ मधेच निसटते, मग ती सुरुवातीपासून म्हणते. मी तिथून उठून दुसऱ्या खोलीत जायला शिकलो आहे. ते स्प्रिंग बसवण्यापेक्षा अवघड गेलं.

एवढं सगळं लिहिण्याचं कारण रविवार. किल्ली आण, पण पर्समधेच राहू दे. बेल वाजव आणि उभी राहा. मी घरात असेन, पण दाराशी येणार नाही. आतून ओळ ऐकू येईल. तुलाही ती येते, तिनंच शिकवली आहे. अडली तर बाहेरून पुरी करू नकोस. तिची बॅग मी भरून कोचाशेजारी ठेवली आहे. तुझ्याकडे जायचं का, असं तिला विचारलं तर म्हणाली, आधी येऊ दे. दार उघडल्यावर, किंवा नाहीच उघडलं तर, तुम्ही दोघी ठरवाल ते मला मान्य, मी वाद घालणार नाही. फक्त तुझ्या जुन्या सवयीनं दार ढकलू नकोस. बाहेरून ढकललं की जीभ खाचेत घट्ट अडकते, आणि मग स्प्रिंग कितीही नरम असली तरी आतलं हँडल हलत नाही.

तुझाच, आतल्या खोलीतला,
बाबा