अर्धा पेला पाणी

२ मार्च
आलो एकदाचा! तीन खोल्या, मागे परसू, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. काकूला मूलबाळ नाही, म्हणून घर पुतण्याला. लोक म्हणतील आयत्या बिळावर नागोबा, म्हणोत बापडे. शेवटचे चार दिवस तिच्या उशाशी मीच तर होतो. झोपायला तिचीच खोली घेतली, वारा तिथेच छान येतो. डोळ्यांत खुपते ती फक्त त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवरची वेल. पार छपरापर्यंत चढली आहे.

४ मार्च
माळी बोलावला. तोंडाचा पट्टा चालूच. म्हणे हिला बारीक हात असतात आणि टोकाला गोल गाद्या. गादी एकदा चिकटली की वाळते, पण सुटत नाही. जिवंतपणी ओढाल तर गिलावा सोबत येईल. आधी बुंधा कापा, वाळली की मला बोलवा, मग उतरवू. काकू रोज आपल्या पेल्यातलं अर्धं पाणी खिडकीतून हिला घालायची, असंही सांगत होता. अंथरुणाला खिळल्यावरसुद्धा. मेलं लाडाचं लेकरूच जणू! बुंधा मी स्वतः करवतीने कापला. बरं वाटलं.

१२ मार्च
वेल हिरवीगार. वर नवे कोंब. माळ्याला हटकलं, तर म्हणाला की भेगेत ओल सापडली की वेल तिथेच मुळं धरते, मग बुंध्यावाचून तिचं काही अडत नाही. भिंतीवर हात फिरवून त्याने बोटं चोळून पाहिली. मग म्हणाला, “बाहेरून तर कोरडी ठणठणीत आहे. हिला पाणी आतून मिळतंय, साहेब.”

१५ मार्च
पलंगामागे गिलाव्यातून पांढरी मुळं निघालीत. खरवडली. दुपारी स्टुलावर पेला भरून ठेवतो, जेवून येतो तर रिकामा. पाणी पितो, पितो, तरी घसा कोरडाच. ओठ फुटलेत.

१७ मार्च
लिहून टाकतो, तेवढंच ओझं उतरेल. काकू इतक्यात जाणार नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, अजून दोन वर्षं सहज काढेल. मी काही केलं नाही. फक्त स्टूल सरकवलं, एक हात लांब. चार दिवस ती पाणी मागत होती, मी रेडिओ मोठा केला. बघायला होतं कोण? खिडकीत ती वेल. तिचंही पाणी त्याच दिवशी तुटलं—

१८ मार्च
दुपारी डुलकी लागली. उठता येत नाही. डावं मनगट, दोन्ही घोटे— गाद्या. ओढलं तर कातडी आली. ओढू नका म्हणाला होता. हाका मारतोय, आवाज फुटत नाही. माळी येईल— नाही येणार. वाळल्यावर बोलवा म्हणाला—

१९ किंवा २०
पेला भरलेला आहे. मी भरला नाही. स्टूल सरकलंय, एक हात लांब. बरोबर तितकंच.
चुकलो मी. काकू, चुकलो गं. सगळा नको. अर्धाच दे, अर्—