आठच्या आधी

प्रिय रो,

मंगळवारपासून माझ्या तळहातांना फोड आलेत, म्हणून अक्षर हे असं कोंबडीचे पाय उमटल्यासारखं. दोन वर्षांनी आईचं पत्र आलं म्हणून लगेच फाडू नकोस, आधी वाच. तुझ्या बाबांना झटका आलाय. जिवंत आहेत, पण उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलायला गेले की नुसता घरघर आवाज येतो. दुसरा झटका कधीही येईल असं डॉक्टर म्हणतात. मला अजून हे खरं वाटत नाही. सोमवारी रात्री हाच माणूस माझ्या बटाट्यांत मीठ कमी पडलं म्हणून कुरकुरत होता.

आता जे लिहितेय ते मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. पहाटे साडेचारला धप्पकन आवाज झाला. केबिनबाहेर गेले तर बाबा आपल्या बोटीच्या मागच्या डेकवर आडवे, पायांत नुसते मोजे. एक भाड्याची बोट इंजिन फडफडवत पुढे निघून गेली होती, त्यावरच्या दोन पोरांना मागे काय झालं याचा पत्ताही नव्हता. मी बाबांना गोधडीवर घेऊन केबिनच्या दारापर्यंत ओढलं. रुग्णवाहिका येणार पुलापाशी, फोनचा बूथही तिथेच, आणि मधे अर्धा मैल, दोन्ही काठांना बांधलेल्या सतरा बोटी. मी इंजिनाच्या किल्लीला हात घातला, तर बाबांनी डावं बोट उचलून ओठांवर ठेवलं. गप्प. लोक झोपलेत.

आणि मी ऐकलं गं! मी, एडना, जिने त्या माणसाचं आयुष्यात कधी सरळ ऐकलं नाही, नेमकं तेव्हा ऐकलं. दोर सोडला, लांब काठी घेतली आणि कालव्याचा तळ रेटत रेटत बोट ढकलत निघाले. पायाशी नवरा घरघरतोय आणि मला काळजी कसली, तर शेजाऱ्यांच्या बोटींच्या पत्र्याला काठी लागायला नको! तीस वर्षं रात्री आठ ते सकाळी आठ या माणसाने कालव्याच्या आपल्या पट्ट्यातल्या कुणाला इंजिन लावू दिलं नाही. बांधलेल्या बोटीशेजारून कुणी जोरात गेलं की हा पातेलं बडवत बाहेर. ते सगळं माझ्या हाडांत इतकं मुरलं होतं की एक दार ठोठावावं, एक हाक मारावी, एवढंही सुचलं नाही. पुलाशी पोचायला तासाच्या वर गेला.

पण कहर पुढेच आहे. नवव्या बोटीत दिवा होता. डोरीन पास्क, तुला आठवत असेल, तीस वर्षं नर्स होती, तीच. गुडघे दुखतात म्हणून चारपासून जागीच, चहा पीत बसलेली. तिने खिडकीतून हात हलवला. आणि रो, मीही हात हलवला! काठी एका हातात धरून, हसून, सभ्य बाईसारखा. काल हॉस्पिटलच्या जिन्यात ती माझा दंड धरून रडली. म्हणाली, "अगं मेले, मला वाटलं म्हातारा-म्हातारी पहाटे कुठे निघालीत, पण बघा काय शिस्त, इंजिनसुद्धा लावलं नाही! माझ्या नवऱ्याला उठवून दाखवणार होते मी. एक हाक मारायची होतीस गं, एक!"   डॉक्टरांनीही विचारलं, इतका उशीर का केलात. मी सांगितलं, आठ वाजले नव्हते. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला वेडच लागलंय.

काठी रेटताना वाटभर मला तुझी आठवण येत होती. ती नोव्हेंबरची रात्र, साडेनऊला तू इंजिन लावून आलीस आणि बाबा पातेलं घेऊन डेकवर उभे राहिले. "घड्याळ विकून खाल्लंस का गं?" असं सगळ्या पट्ट्यासमोर ओरडले. पडदे सरकले, माणसं खिदळली. तू बोट थांबवलीच नाहीस, तशीच पुढे गेलीस. आठवड्याने कळलं की तुझ्या बोटीच्या टपावर केक होता, त्यांच्या साठाव्या वाढदिवसाचा, आणि बारा वाजायच्या आत पोचायचं म्हणून तू अंधारात निघाली होतीस. हे त्यांना मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पातेलं घेऊन नीट घासलं आणि फळीवर मागे ठेवलं, एवढंच. मला वाटलं होतं एखादं पत्र टाकतील. मेला मानी माणूस! आणि तूही त्याचीच लेक, अठरा मैलांवर राहून दोन वर्षांत एकदा आली नाहीस.

सगळा पट्टा म्हणतो, एडनाचा विल्फ नेहमीप्रमाणे ओरडायला बाहेर आला आणि कोसळला. मीही मान डोलावते. खरं तसं नाही. पातेलं फळीवरच होतं. त्यांच्या हातात कंदील होता. आमच्या शेजारची जागा मोकळी आहे, अंधारात दोर कुठे बांधायचा ते दिसावं म्हणून उंच धरायला आणलेला. त्या पोरांचं इंजिनही तुझ्यासारखंच, चार ठोके देऊन पाचवा गिळणारं. मी जवळ गेले तेव्हा ते एकच अक्षर काढत होते, रो, रो. त्यानंतर तेही गेलं. आता वॉर्डच्या खिडकीखालून कालवा जातो, आणि दिवसभर प्रत्येक इंजिनाला त्यांची मान तिकडे वळते, मग हळूच परत येते. मला ते बघवत नाही. हे पत्र डोरीनचा नवरा पास्क मोटरसायकलवरून आणतोय. तो म्हणेल, मागे बस. बसू नकोस. बोट घे आणि आज रात्रीच निघ. वाटेतली कालव्याचं पाणी अडवणारी दारं उघडायला तो तुझ्याबरोबर थांबेल, मी सांगून ठेवलंय. पूर्ण वेगाने ये, सतराच्या सतरा बोटींच्या शेजारून ये, कुणाच्या कपबश्या फुटल्या तर मी भरून देईन, कुणी ओरडलं तर एडनाचं नाव सांग. वॉर्डची खिडकी मी उघडी ठेवतेय, त्यांना तुझं इंजिन ऐकू येईल. फक्त आठ वाजायची वाट बघू नकोस, बाळा.

तुझीच, वाट बघणारी,
आई