आखाजीची बोळवण

मेहरूण, जळगाव
२ एप्रिल १९९८

चि. लीलाधर,
तुला, पुष्पाला आणि दोन्ही पोरींना भिकुअक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

त्या सकाळी मी चुलीपुढे बसून कळण्याची भाकरी थापत होते. धुणं भिजत घातलं होतं, अंगण अर्धंच सारवून झालं होतं. तुझे दाजी सायकलला हवा भरता भरता सांगत होते की आज ठेचा जरा जास्त ठेव, कालच्यात तिखटच नव्हतं. मी म्हटलं, पाठ पोत्यांनी मोडायला आली आणि तुम्हाला ठेच्याची काळजी. ते हसले आणि गेले. दुपारी मिलमधून माणूस आला, पोत्यांची थप्पी त्यांच्या अंगावर कोसळली म्हणून.

हे तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण थप्पीच्या त्याच जागेवर काल ट्रकमधून एक यंत्र उतरवलं. ते म्हणे डाळीचा एकेक दाणा बघतं आणि काळा, किडका दाणा फुंकर मारून बाजूला उडवतं. आम्ही बाया सूप मांडीवर घेऊन बघत राहिलो. झुंबरबाई म्हणाली, याले डोया शे, पोट नही, म्हनीसन शेठले आवडनं. सगळ्या हसल्या, पण नंतर दिवसभर कुणी गाणं म्हटलं नाही.

दाजी गेल्यावर म्हातारे शेठ दारात आले होते, ते मला रोज आठवतं. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. म्हणाले, बाई, डाळ निवडायला येत जा, हे दान नाही, काम आहे, नीट केलं नाहीस तर काढून टाकीन. बाकी सगळे त्या दिवसांत माझ्याशी रडक्या आवाजात बोलायचे. म्हाताऱ्याच्या त्या दमानंच मला धीर आला.

आता गादीवर त्यांचा मुलगा रुपचंद शेठ आहे आणि तू त्यांच्याच धुळ्याच्या मिलचा मॅनेजर. आम्हा निवडणाऱ्या बायांचं काय ठरलं आहे ते मला सरळ लिही. सफारी घालून सरळ लिहिता येत नसेल तर काढून ठेव आणि मग लिही.

पोरींना उन्हात खेळू देऊ नको. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
भिकुअक्का


देवपूर, धुळे
९ एप्रिल १९९८

ती. अक्काच्या पायांशी लीलाधरचा सा. न. वि. वि.

सफारी काढून, बनियनवर बसून लिहितो आहे. पुष्पा विचारते, असं काय आहे अक्काच्या पत्रात.

ऐकलंस ते खरं आहे. आखाजीपासून, अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून, निवडणाऱ्या सगळ्या बायांचं काम थांबणार. ऑफिसातलं कुणी जाणार नाही. बाजारात टिकायचं तर यंत्राशिवाय इलाज नाही, हे मलाही पटतं. पण इतर ठिकाणी माणसं सकाळी कामावर येतात आणि फाटकाला कुलूप बघतात, ती रीत मला पटत नाही. म्हणून मीच शेठना सुचवलं की या बाया इतकी वर्षं इथे राबल्या, मिल म्हणजे त्यांचं माहेरच आहे, तर आखाजीला लेकींची करतात तशी त्यांची बोळवण करा. साडी-चोळी, नारळ, सांजोऱ्या आणि शेठाणींच्या हातची ओटी. अक्का, खोटं सांगत नाही, शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. माहेर हा शब्द तर त्यांना इतका आवडला की मोठ्या कापडी फलकावर रंगवून घ्यायला सांगितला आहे.

तुझं मी वेगळं बोललो आहे. ऑफिसात चहापाणी आणि झाडलोट असं कायमचं काम तुला मिळेल, उन्हातान्हात धुळीत बसायला नको. एवढंच, की हे आताच कुणाला सांगू नकोस. आणि आखाजीच्या कार्यक्रमात सगळ्यांच्या वतीने तू चार शब्द गोड बोलावेस अशी शेठची इच्छा आहे. आपल्यात वाचणारी तूच. दाजींच्या मागे पुड्यांचे कागद वाचत वाचत शिकलीस, आता वाचनालयाची पुस्तकं संपवतेस. तुला जमेल.

रागावू नकोस. तुझ्या भाकरीवर वाढलो, तुझं वाईट करीन का? पोरी आई-आत्याचं भांडण लावायचं म्हणून तुझी वाट बघताहेत.

तुझा,
लीलाधर


मेहरूण, जळगाव
१५ एप्रिल १९९८

चि. लीलाधर,
अनेक आशीर्वाद, रागावून दिले तरी आशीर्वादच. वि. वि.

तुझं पत्र मी दुपारच्या सुट्टीत सगळ्या बायांना वाचून दाखवलं. चहापाण्याचा भागही वाचला. तो वगळावासा वाटला होता, कारण पावसाळ्यात माझं छप्पर गळतं आणि कायमचं काम मलाही हवं आहे. पण ज्यांच्या मांडीला मांडी लावून दाजींनंतरची सगळी वर्षं काढली, त्यांच्यापासून लपवून ठेवलेला चहा मला शेठला नेऊन देता येणार नाही. माझ्यासाठी टाकलेला शब्द परत घे.

आता तुझ्या दुसऱ्या शब्दाचं. बोळवण म्हणजे लेकीला मायेनं निरोप देणं. आणि बोळवण म्हणजे काहीतरी हातावर टेकवून वाटेला लावणं. शाळेत तू शिकलास, मी नाही, पण दोन्ही अर्थ मला येतात. तुझ्या मनात पहिलाच असेल, यावर माझा विश्वास आहे. आमच्या पदरात दुसरा पडणार.

बायांचं ऐक. पार्वताबाईनं विचारलं, साडी सुती आहे की कशी, आणि मग स्वतःच्याच विचारण्यावर चिडून डोळे पुसले. मंजुळाबाई बौद्धवाड्यातली, ती म्हणाली की आमच्याकडे ओटीही नाही आणि विधवेला मागे बसवणंही नाही, विहारात बठ्ठ्या एका सतरंजीवर बसतात, तुमच्या शेठाणीला विचारा, भिकुबाईची ओटी भरणार का. मला हे सुचलंच नव्हतं बघ. सवय झालेली आहे.

मग आम्ही चौघी शेठकडे गेलो. त्यांनी खुर्च्या दिल्या, गार पाणी दिलं. मी म्हटलं, ज्या साली तूर आलीच नाही त्या साली तुमच्या वडिलांनी कुणालाच काढलं नव्हतं. सगळ्यांना आळीपाळीने कामावर बोलावलं, मुनीमजींनासुद्धा, आणि स्वतःची जीप शेडमध्ये उभी करून पायी यायचे. तेव्हा सगळ्यांनी थोडं थोडं कमी खाल्लं, पण कुणाचीच चूल थंड झाली नाही. यंत्र ठेवा, आम्ही फोडायला आलो नाही. जे काम उरेल ते आळीपाळीने द्या, आणि आम्ही अर्ध्यावर आलो तर ऑफिसनंही जरा खाली यावं.

शेठ म्हणाले की ऑफिसातल्यांना घराचे हप्ते आहेत, मुलं इंग्रजी शाळेत आहेत, त्यांना कमी कसं करायचं. मी विचारलं, जो सगळ्यात कमी घेऊन घरी जातो त्यालाच सगळं सोडायला सांगणं सोपं का जातं. त्यावर ते म्हणाले की भिकुबाई, मला झोप येत नाही. खरंच त्यांचे डोळे ओले झाले. बाहेर आल्यावर पार्वताबाई म्हणाली, पोराला झोप येत नसेल तर दृष्ट काढून जाऊ का. हसून हसून आमच्या पोटात दुखलं आणि मग जरा रडूही आलं.

पुष्पाला सांग, उन्हाळ्याचे पापड मी पाठवते. लोभ कमी करू नकोस, मी करत नाही.

तुझी,
अक्का


देवपूर, धुळे
२२ एप्रिल १९९८

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात घेऊन हिंडतो आहे. काल शेठचा फोन आला. विचारत होते, तुमची बहीण गोड बोलणार ना? मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. जळगावचं पार पडलं की पुढच्या महिन्यात इथल्या बायांचं आहे, आणि ते माझ्या हातून व्हायचं आहे. फलक दोन करून घेतले आहेत. आळीपाळीचं मी एकदा बोलून पाहिलं, तर शेठ म्हणाले, मग तुमच्यापासून सुरू करू का, लीलाधरजी. मी विषय बदलला. पोरींची शाळा आहे, जागेचे हप्ते आहेत.

आणखी एक ऐकून ठेव, म्हणजे ऐन वेळी मनाला लागणार नाही. शेठाणींनी साड्या दोन रंगांच्या आणल्या आहेत. सवाष्णींना हिरव्या आणि बाकीच्यांना राखाडी. ओटीही सवाष्णींचीच. मला आवडलं नाही, पण रीत आहे, बोलता येत नाही. तू तेवढा दिवस निभावून ने. मनात राग असला तरी पत्र बंद करू नकोस.

तुझा,
लीलाधर


मेहरूण, जळगाव
१ मे १९९८

चि. लीलाधर,
घरभर आशीर्वाद. वि. वि.

आखाजीला पहाटे उठून दाजींच्या नावाची घागर भरली. वर डांगर ठेवलं, यंदाचं पहिलंच खरबूज; पुरणपोळी आणि रसाचा नैवेद्य दाखवला. कडेला ठेचाही ठेवला, चांगला जहाल. शेजारची म्हणाली, घागरीपुढे ठेचा कोण ठेवतं. मी म्हटलं, ज्याला आवडायचा त्याच्यापुढे ठेवते. मग मिलमध्ये गेले.

फाटकावर तुझा फलक लावला होता. हे लेकींचे माहेर. अक्षर सुरेख काढलं आहे. आत मांडव, गाद्या, झोकाही बांधला होता, पण त्यावर कुणी बसलं नाही. शेठाणींनी एकेका सवाष्णीची ओटी भरली. मंजुळाबाईनं ओटी नको म्हणून सांगितलं आणि उठून आमच्याजवळ येऊन बसली. आम्हाला मागच्या रांगेत राखाडी साड्या हातात दिल्या.

मग शेठनी मला पुढे बोलावलं. मी गोडच बोलले, लीलाधर, तुझ्या शब्दाला बट्टा लावला नाही. म्हटलं, शेठनी आम्हाला लेकी म्हटलं, फार बरं वाटलं. खान्देशात आखाजीला लेक माहेरी येते आणि बोळवण करतात ती तिला सासरी धाडायला. तर आमचं सासर कोणतं तेवढं शेठनी सांगावं, उद्या सकाळी आम्ही तिथे कामाला जातो. आणि सासर ठरलेलं नसेल, तर कोणत्या माहेरात लेकीला साडी देऊन परत येऊ नको म्हणतात, तेही सांगावं.

शेठ आधी हसले. मग हसायचे थांबले. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले की भिकुबाई, तुमचं तर ठरलेलं आहे. मी मोठ्यानं सांगितलं, माझं एकटीचं ठरलेलं मला नको, सगळ्यांचं आळीपाळीने ठरवा, ऑफिसासकट. मुनीमजी खाली बघत होते. शेठाणींच्या हातात तांदळाचं सूप तसंच राहिलं.

तेवढ्यात झुंबरबाई उठली. तिनं आपली हिरवी साडी माझ्या मांडीवर टाकली आणि माझी राखाडी उचलून घेतली. माझ्या ओंजळीत स्वतःच्या ओटीतला नारळ ठेवला. शेठाणी म्हणाल्या, अगं, अपशकुन करतेस. झुंबरबाई म्हणाली, कामावरून काढलं यापेक्षा मोठा अपशकुन कोणता राहिला? तिच्या मागून पार्वताबाई उठली, मग आणखी दोघीतिघी. थोड्या वेळानं कुठली साडी कुणाची ते शेठाणींना ओळखता येईना.

तुझं नाव मी घेतलं नाही. माहेर हा शब्द कुणाला सुचला ते कुणी विचारलंही नाही. पण तुला सांगते. दाजी गेल्यापासून तू आखाजीला मुराळी म्हणून मला न्यायला आला नाहीस. विधवेला कोण नेतं, म्हणून मीही कधी काही म्हटलं नाही, आणि आज भांडत नाही. फक्त माहेर म्हणायचं तर दार उघडं ठेवावं लागतं, एवढं ध्यानात घे. पुढच्या महिन्यात धुळ्याच्या फाटकावर तो दुसरा फलक तू लावणार आहेस. लावायच्या आधी शेठच्या त्या प्रश्नाला उत्तर दे. माझ्यापासून सुरू करा म्हण. पोरींना थोडं कमी पडलं तर त्यांची आत्या अजून भाकरी थापते.

पापड पाठवले आहेत, उडदाचे वेगळ्या पिशवीत. दूर गेल्यासारखं वागू नकोस. मी इथेच आहे.

तुझी,
भिकुअक्का

ता. क. आखाजीच्या दुसऱ्या दिवसाचं लिहायचं राहिलं. सकाळी भाकरी बांधली, झुंबरबाईची हिरवी साडी नेसले आणि निघाले. ती कोपऱ्यावर माझ्या राखाडी साडीत उभी होती, मागे बाकीच्या येत होत्या. फाटकावर जीवराम वॉचमन म्हणाला की आत सोडायचा हुकूम नाही. मी त्याला वर बोट दाखवून फलक वाचायला सांगितलं. तो मान वर करून वाचत राहिला. मी पदर खोचला, आत गेले आणि माझ्या जागेवर डाळ निवडायला बसले.