फेरीबोट बंद झाल्यावर

हरमल, पेडणे
१८ नोव्हेंबर १९८९

आदरणीय वत्सलाताई,

शिवदासचा नमस्कार. पत्राला उशीर झाला असं लिहीत नाही, कारण मी ते टाळत होतो. तीन आंतर्देशीय पत्रं फाडली. पुण्यात तुम्ही बऱ्या असाल.

तुमच्या पुस्तिकेच्या वाचनाचे कार्यक्रम चालू आहेत. डिचोलीत चाळीस माणसं आली. केरीत कमी, कारण त्याच दिवशी रापणीच्या जाळ्यात बांगडा लागला आणि मीसुद्धा दोर ओढायला गेलो. कार्यक्रम माझाच होता हे नंतर आठवलं. असो. फेरीबोट बंद झाल्यावर बेटावरची माणसं आजारपण कसं निभावतात, हे तुमचं संशोधन लोकांना कळतं. पुस्तिका सोपी आहे. वाचणारा वाईट.

मांद्र्याला देवळाच्या मंडपात दीडशे माणसं होती. मी वाचत होतो, लोक उठायला लागले. मागून कोणीतरी बोललं, "शिवदासा, नापास जालो तो ह्याच वाचनान मरे?" सगळे हसले.

मग मी तुम्ही बेटावर घेतलेल्या मुलाखतींतली एक कॅसेट लावली.

कॅसेटी फक्त तुझ्या समजुतीसाठी, बाहेर नाहीत, असं तुम्ही दोनदा बजावलं होतं. मला वाटलं, पुस्तिकेत नावं बदललीत, म्हणजे झालं. आवाज तोच राहतो हे डोक्यातच आलं नाही. बेटावरच्या सरस्वतीमावशीची कॅसेट होती. "धुवेक ल्हानपणार फीट येताली. फेरीबोट बंद जाल्यार सकाळमेरेन तिका मांडयेर घेवन बसताली. लग्नावेळार हें कोणाक सांगूंक ना."

मावशीची ही मुलगी, विमला, मांद्र्याला दिलीय, हे मला ठाऊक होतं. ती पुढेच बसली होती, सासूच्या शेजारी. सासू म्हणाली, "हो आमच्या विहिणीचो आवाज."

ताई, तेव्हाही बटण दाबता आलं असतं. पण उठलेले लोक परत बसले होते. मला वाटलं, अजून थोडं ऐकू दे.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने विमलाला ट्रंकेसकट म्हापशाला नेऊन, बेटावर माहेरी जा म्हणून, डिचोलीच्या बशीत बसवलं. बाराव्या वर्षानंतर तिला एकदाही फीट आलेली नाही, हेही कॅसेटवर आहे, पण दुसऱ्या बाजूला. मी गयावया करायला गेलो. सासू म्हणाली, "तुझी ताय दोतोर मरे? तिका येवन सांगूं दी." तुम्ही इंजेक्शनवाल्या डॉक्टर नाहीत हे मी सांगितलं नाही.

म्हणून लिहितोय. तुम्ही या. हा आवाज दुसऱ्या बाईचा आहे, असं त्यांना सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही, ठाऊक आहे. एकदाच बोला. नंतर मला वाटेल ती शिक्षा करा.

बेटावर जायचं धाडस होत नाही. मावशी मला जेवल्याशिवाय कधी सोडत नसे. विमलाने आता तिला सगळं सांगितलं असेल. धक्क्यापर्यंत दोनदा गेलो, फेरीबोट लागलेली पाहिली आणि परतलो. दुसऱ्या खेपेला तर एका परदेशी माणसाची मोटरसायकल दुरुस्त करत बसलो, दुपारभर.

पत्र इथे बंद करणार होतो. ताई, सरस्वतीमावशी आलीय. आत्ता, माझ्या दारात. डोक्यावर नव्या तांदळाची पिशवी. हसतेय. म्हणते, "विमला दिवाळेक येवंक ना, म्हणून हांवूंच आयली. चल पुता, तिच्या घराची वाट दाखय."

विमला बशीत बसली त्याला आज आठ दिवस झाले.

मावशीला पाणी दिलंय.

शिवदास